तळ्यात कोण कोणास खातो?

डी.एन.ए. ओळखपट्टीच्या साहाय्याने गोड्या पाण्यातील भक्षक व भक्ष्य यांचा अभ्यास

पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील वरोर हे समुद्रकाठचे गाव होय. अशा गावातील मच्छीमारास खाऱ्या पाण्यातील मासळीची माहिती पिढ्यान्पिढ्या मिळत आलेली असते. कोणत्या माशाच्या पोटात कोळंबी सापडते आणि कोणाच्या पोटात जवळा सापडतो, हे मासळी साफ करणाऱ्या स्त्रियाही सांगू शकतात. परंतु गावाच्या मागील बाजूची भातखाचरे, तळी, विहिरी व ओढे यांतील गोड्या पाण्याच्या प्राण्यांविषयी इतके निश्चित ज्ञान सहसा आढळत नाही. हे प्राणी लहान असतात, पाणी गढूळ असते, आणि एकाने दुसऱ्यास खाण्याची क्रिया बहुधा रात्री वा पाणवनस्पतींच्या आड घडते.

या अज्ञानाची किंमत शेतकऱ्यास रोख मोजावी लागते. एखादा शेतकरी पावसाळ्याच्या आरंभी आपल्या शेततळ्यात रोहू, कटला व मृगळ यांचे मत्स्यजिरे विकत आणून सोडतो. पुढे जाळे ओढून पाहावे तो हाती मोजकीच बोटुकली लागते. कोणी बगळ्यास दोष देतो, कोणी दिवडास, कोणी बेडकास, तर कोणी बीज विकणाऱ्यास. ज्यावर संशय येतो त्यावर उपाय केला जातो; खरा भक्षक तळ्यात तसाच राहतो आणि पुढील वर्षी पुन्हा तेवढीच हानी होते.

तळ्यात कोण कोणास खातो हे पुराव्यानिशी ठरविण्याची एक पद्धत आता उपलब्ध झाली आहे. तिला डी.एन.ए. ओळखपट्टीची, अर्थात बारकोडिंगची पद्धत म्हणतात. तिचे तत्त्व काय, तिच्या मर्यादा कोणत्या, आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्ता व शेतकरी यांनी तिचा लाभ कसा घ्यावा, याचे विवेचन या पाठात केले आहे.

भक्षक आणि भक्ष्य

जो प्राणी दुसऱ्यास खातो तो भक्षक व जो खाल्ला जातो तो भक्ष्य होय. एकच प्राणी एकाचा भक्षक आणि दुसऱ्याचे भक्ष्य असू शकतो. भाताच्या खाचरात डासाची अळी शेवाळ व सूक्ष्म जीव खाते. त्या अळीस चतुराचे पिल्लू खाते. चतुराच्या पिल्लास बेडूक किंवा मरळ मासा खातो, आणि मरळीच्या लहान पिल्लास खंड्या उचलून नेतो. तेच चतुराचे पिल्लू संवर्धन तळ्यात शिरल्यास डासाच्या अळीऐवजी मत्स्यजिऱ्यावर ताव मारते. म्हणजे खाचरात जो प्राणी शेतकऱ्याचा मित्र, तोच मत्स्यबीजाच्या तळ्यात त्याचा शत्रू ठरतो. यास्तव कोणत्याही प्राण्यास सरसकट ‘उपयुक्त’ किंवा ‘उपद्रवी’ म्हणता येत नाही. तो कोठे आहे आणि तेथे काय खातो, हे पाहूनच निर्णय करावा लागतो.

आपल्या भागातील गोड्या पाण्यात आढळणारे प्रमुख भक्षक पुढीलप्रमाणे आहेत:

१. मासे : मरळ, शिवडा इत्यादी. मरळ हवेतील प्राणवायूही घेऊ शकते, त्यामुळे तळे जवळजवळ आटले तरी ओल्या चिखलात ती काही काळ तग धरते.

२. पाणकिडे : चतुर व टाचणी यांची पिल्ले, पाणविंचू, मोठे पाणढेकूण, पाठीवर उलटे पोहणारे किडे, पाणभुंगे व त्यांच्या अळ्या.

३. बेडूक : पहिल्या पावसात ज्याचा नर पिवळाधमक दिसतो, त्या मोठ्या बेडकाचे बेडूकमासेदेखील मांसाहारी असून ते इतर बेडूकमासे व डासांच्या अळ्या खातात.

४. दिवड, पाणकावळा, बगळा, खंड्या व पाणमांजर.

जुन्या पद्धती आणि त्यांची अडचण

कोण काय खातो हे जाणण्याच्या दोन पद्धती पूर्वीपासून चालत आल्या आहेत. पहिली म्हणजे प्रत्यक्ष निरीक्षण. बगळा मासा उचलताना दिसतो, म्हणून त्याच्यावर आरोप करणे सोपे जाते; पाण्याखालील किडा दिसत नाही, म्हणून तो सुटतो. दुसरी पद्धत म्हणजे भक्षकाचे पोट फाडून आतील पदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे. खवले, काटे, किड्यांचे पाय व पंख अशा कठीण भागांवरून भक्ष्य ओळखता येते. ही पद्धत आजही उपयोगी आहे व तिला खर्चही थोडा लागतो.

तथापि तिच्यात मोठी उणीव आहे. नुकतेच अंड्यातून बाहेर आलेले मत्स्यजिरे, गांडुळे, माशांची व बेडकांची अंडी हे पदार्थ इतके मऊ असतात की पोटात थोड्याच वेळात त्यांचा लगदा होतो. याहूनही मोठी अडचण पाणढेकूण आणि पाठीवर पोहणारे किडे यांच्या बाबतीत येते. हे किडे भक्ष्यास चावून खात नाहीत. ते आपली सोंड भक्ष्याच्या अंगात खुपसून पाचक लाळ आत सोडतात आणि विरघळलेला रस शोषून घेतात. त्यांच्या पोटात खवला किंवा काटा यांचा मागमूसही राहत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या साक्षीवर विसंबल्यास असा किडा निर्दोष सुटतो.

ओळखपट्टी म्हणजे काय?

दुकानातील वस्तूच्या वेष्टनावर काळ्या उभ्या रेघांची एक पट्टी छापलेली असते. यंत्रासमोर ती धरताच वस्तू कोणती हे कळते. प्रत्येक सजीवाच्या पेशीतही अशीच एक पट्टी निसर्गाने लिहून ठेवली आहे.

पेशीमध्ये डी.एन.ए. नावाचा धाग्यासारखा पदार्थ असतो. तो चार घटकांच्या क्रमाने बनलेला असून त्यांना ए, टी, जी आणि सी या अक्षरांनी ओळखतात. या अक्षरांच्या क्रमात त्या प्राण्याच्या शरीररचनेचा आराखडा साठविलेला असतो. संपूर्ण आराखडा वाचणे खर्चाचे काम आहे. परंतु प्राणी ओळखण्यासाठी त्याचा एक लहान तुकडा पुरतो. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे शास्त्रज्ञ पॉल हेबर्ट व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये असा प्रस्ताव मांडला की, प्राण्यांच्या पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांमध्ये असलेल्या एका विशिष्ट जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा भाग ओळखपट्टी म्हणून वापरावा. या जनुकास ‘सायटोक्रोम सी ऑक्सिडेज-१’ म्हणतात.

हाच भाग निवडण्यास दोन कारणे आहेत. एकाच जातीच्या प्राण्यांत या भागाची अक्षरे जवळजवळ सारखी असतात, पण निरनिराळ्या जातींत ती पुरेशी भिन्न असतात. शिवाय एका पेशीत तंतुकणिका पुष्कळ असल्यामुळे या तुकड्याच्या प्रतीही पुष्कळ असतात. त्यामुळे पचनानंतर उरलेल्या अल्पशा अंशातही तो सापडण्याचा संभव अधिक असतो. वनस्पतींसाठी मात्र हा भाग उपयोगी पडत नाही. त्यांच्याकरिता हरितकणांतील वेगळी जनुके वापरतात. खाचरातील खेकड्याने भाताचे रोप खाल्ले की किडे खाल्ले, हे ठरवावयाचे झाल्यास दोन्ही प्रकारच्या पट्ट्या तपासाव्या लागतात.

पट्टी वाचली तरी ती कोणाची हे कळण्यासाठी आधी ओळखलेल्या प्राण्यांच्या पट्ट्यांचा संग्रह हाताशी असावा लागतो. असा जागतिक संग्रह ग्वेल्फ येथेच उभारण्यात आला आहे. आपल्या देशात लखनौ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही १९८३ मध्ये स्थापन झालेली संस्था भारतीय माशांच्या आनुवंशिक अभ्यासाचे कार्य करते. मुंबईत वर्सोवा येथे १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था असून पुणे येथे भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र आहे.

प्रयोगशाळेत काय केले जाते?

प्रथम भक्षकाच्या पोटातील पदार्थ किंवा त्याची विष्ठा वेगळी काढतात. तीतून डी.एन.ए. स्वच्छ करून घेतात. नंतर ओळखपट्टीच्या भागाच्या असंख्य प्रती तयार करतात. या क्रियेस पी.सी.आर. म्हणतात. २०२० मध्ये आलेल्या करोनाच्या साथीत नाकातील व घशातील स्रावाची जी तपासणी होत असे, तिच्यातही हीच क्रिया होती. त्यामुळे हे नाव आता खेड्यापाड्यांतही परिचित झाले आहे. तयार झालेल्या प्रतींचा अक्षरक्रम यंत्राने वाचतात आणि संग्रहातील पट्ट्यांशी ताडून पाहतात.

पोटातील नमुन्यासंबंधी दोन विशेष गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, पचनामुळे डी.एन.ए.चे तुकडे होतात. पूर्ण ६५० अक्षरांची पट्टी क्वचितच शाबूत राहते, म्हणून बहुधा १०० ते ३०० अक्षरांची आखूड पट्टी शोधतात. दोन, नमुन्यात भक्षकाच्या स्वतःच्या पेशीही मिसळलेल्या असतात आणि त्यांचा डी.एन.ए. ताजा व विपुल असतो. तो भक्ष्याच्या डी.एन.ए.ला झाकून टाकू नये म्हणून त्याच्या प्रती न होऊ देण्याची योजना करावी लागते.

एका वेळी एकाच भक्ष्याचा शोध घ्यावयाचा असल्यास त्याच जातीस लागू पडणारी सोपी चाचणी करतात. पोटातील सर्व भक्ष्ये एकदम जाणून घ्यावयाची असल्यास सर्व पट्ट्या एकत्रितपणे वाचणारी विस्तृत पद्धत वापरतात. तिला मेटाबारकोडिंग हे नाव आहे.

इतर देशांतील अनुभव

पश्चिम केनियातील पाणथळ जागांत हिवतापाचा प्रसार करणाऱ्या डासाच्या अळ्या कोण खातो, याचा अभ्यास जपानी व केनियातील शास्त्रज्ञांनी केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तीनशेहून अधिक भक्षक प्राण्यांच्या शरीरात डासाच्या डी.एन.ए.चा शोध पी.सी.आर. पद्धतीने घेण्यात आला, व त्यांपैकी निम्म्याहून अधिक प्राण्यांत तो सापडला. तुलनेत चतुर व टाचणी यांची पिल्ले अग्रभागी होती. त्यांच्या खालोखाल पाणढेकणांचा वर्ग, नंतर बेडूकवर्ग आणि सर्वांत शेवटी पाणभुंगे असा क्रम लागला. रस शोषणाऱ्या ज्या किड्यांविषयी सूक्ष्मदर्शक काहीच सांगू शकत नव्हता, त्यांचे कार्य अशा रीतीने उघडकीस आले.

फ्रान्समधील ड्युरान्स नदीत आढळणारा एक लहान मासा नामशेष होण्याच्या मार्गावर असल्याने त्यास मारून पोट तपासणे इष्ट नव्हते. तेथील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत त्याची केवळ विष्ठा तपासली. मासा जिवंत नदीत परत गेला आणि त्याच्या आहाराची माहितीही मिळाली. आपल्याकडे पाणमांजरासारख्या प्राण्यांच्या बाबतीत हाच मार्ग योग्य होय.

फ्रान्समध्येच २००८ मध्ये असे दाखविण्यात आले की, तळ्यातील पाण्याच्या नमुन्यावरूनही तेथे परदेशी मोठा बेडूक राहतो किंवा नाही हे सांगता येते. कारण प्राण्याच्या अंगावरील पेशी व विष्ठा पाण्यात मिसळत असतात. म्हणजे तळे न उपसताही त्यात कोणते भक्षक आहेत, याचा अंदाज बांधता येतो.

भक्षक कळला की उपाय ठरतो

एवढी खटपट कशासाठी, असा प्रश्न शेतकरी विचारील. त्याचे उत्तर मत्स्यबीज संवर्धनाच्या तळ्यात मिळते. तेथे प्रत्येक भक्षकावरील उपाय वेगळा असतो, आणि एकावरील उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

भक्षक मासा असल्यास : तळे उपसून पूर्ण वाळविणे सर्वांत चांगले. ते शक्य नसल्यास दर हेक्टरी सुमारे २,५०० किलोग्रॅम मोहाच्या बियांची पेंड, पाणी एक मीटर खोल असता, टाकण्याची शिफारस आहे. पेंडीतील सॅपोनिन या द्रव्याने मासे मरतात. तिचा विषारी परिणाम ओसरल्यावर, म्हणजे साधारणपणे दोन ते तीन आठवड्यांनी, बीज सोडावे. पुढे पेंड कुजून खताचेही काम करते. तळे वरवर आटविल्याने मरळ मरत नाही, हे वर सांगितलेच आहे. पिण्याच्या पाण्यात, ओढ्यात किंवा ज्याचे पाणी बाहेर वाहते अशा तळ्यात पेंड कदापि टाकू नये.

भक्षक पाठीवर पोहणारा किडा, पाणढेकूण किंवा पाणभुंगा असल्यास : हे किडे श्वासासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर येतात. म्हणून बीज सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी, वारा पडलेला असता, दर हेक्टरी ५६ किलोग्रॅम वनस्पति तेल व १८ किलोग्रॅम साबण यांचे मिश्रण पाण्यावर पसरावे. पृष्ठभागावर तेलाचा पातळ थर बसतो आणि किडे गुदमरून मरतात. वारा असल्यास थर एका काठास लोटला जातो व खर्च वाया जातो.

भक्षक चतुराचे पिल्लू असल्यास : येथेच बहुतेकांची चूक होते. चतुराचे पिल्लू श्वासासाठी पृष्ठभागावर येत नाही. त्याच्या शरीराच्या मागील भागात आत कल्ले असतात व ते पाण्यातीलच प्राणवायू घेते. त्यामुळे तेल-साबणाचा थर त्यास बाधत नाही. त्यासाठी बारीक जाळे वारंवार ओढणे, काठावरील व पाण्यातील वनस्पती काढून टाकणे आणि तळे फार आधी भरून न ठेवणे हेच उपाय होत. तळे भरून जितके दिवस जातील तितकी चतुरांना अंडी घालण्यास व पिल्लांना वाढण्यास सवड मिळते.

भक्षक पक्षी असल्यास : तळ्यावर जाळी किंवा दोऱ्या ताणाव्यात. पक्षी, साप व पाणमांजर यांस मारू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांपैकी बहुतेकांना संरक्षण दिले आहे.

यावरून दिसून येईल की, चतुराच्या पिल्लांनी बीज खाल्ले असता तेल-साबणावर खर्च करणारा शेतकरी तेल, साबण व बीज अशा तिन्ही गोष्टी गमावतो. खऱ्या भक्षकाची ओळख पटणे म्हणूनच पैशाची बचत होय.

भक्षक तळ्यात येतो कोठून, याचाही विचार करावा. पहिल्या मोठ्या पावसात मासे ओढ्यातून वर चढून खाचरात अंडी घालण्यास येतात. यांनाच आपल्या भागात वळगणीचे मासे म्हणतात. खाचराचे पाणी तळ्यात घेतले जात असल्यास त्याबरोबर मरळीची पिल्लेही आत येतात. यासाठी पाणी आत येण्याच्या वाटेवर बारीक जाळी बसवावी. वळगणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात. ते सर्वच्या सर्व पकडल्यास पुढील वर्षी खाचरात डासांच्या अळ्या खाणारे लहान देशी मासेही कमी होतात, ही गोष्ट गावकऱ्यांस समजावून द्यावी.

डासांच्या अळ्या आणि सोडावयाचे मासे

हिवतापाच्या निर्मूलनासाठी पाण्यात गप्पी मासे सोडण्याची प्रथा सर्वपरिचित आहे. गप्पी मासा सुमारे १९१० मध्ये व गॅम्बुसिया मासा १९२८ मध्ये भारतात आणला गेला. दोन्ही परदेशी आहेत. डासांच्या अळ्या ते खातात हे खरे. परंतु ते केवळ अळ्याच खातात असे नाही. गॅम्बुसिया इतर माशांची अंडी व पिल्ले तसेच बेडूकमासेही खातो. वर सांगितल्याप्रमाणे बेडूकवर्ग व चतुराची पिल्ले हे स्वतः डासांच्या अळ्यांचे भक्षक आहेत. तेव्हा असा मासा नैसर्गिक तळ्यात किंवा ओढ्यात सोडल्यास अळ्या खाणारा एक भक्षक वाढतो आणि पूर्वीचे अनेक कमी होतात, असे घडू शकते. त्या विशिष्ट तळ्यात प्रत्यक्षात काय घडते, हे त्या माशाच्या पोटातील ओळखपट्ट्यांवरूनच सांगता येईल.

म्हणून गप्पी मासे सिमेंटच्या टाक्या, हौद व बंदिस्त विहिरी यांपुरतेच ठेवावेत. खाचरे व नैसर्गिक तळी यांत माथ्यावर चंदेरी ठिपका असलेला, पृष्ठभागालगत पोहणारा लहान देशी मासा आढळतो. तो अळ्यांचा चांगला भक्षक असून त्याचे रक्षण करावे. आफ्रिकी मागूर मासा कोणत्याही कारणास्तव पाळू वा सोडू नये. तो अत्यंत खादाड भक्षक असून त्याच्या संवर्धनावर केंद्र शासनाने २००० मध्ये बंदी घातलेली आहे.

अळी हिवतापाच्या डासाची आहे किंवा नाही, हे कार्यकर्त्यास डोळ्यांनीही ओळखता येते. हिवतापाचा प्रसार करणाऱ्या अ‍ॅनॉफिलिस डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागास समांतर, आडवी राहते. इतर सामान्य डासांच्या अळ्या शेपटीकडील श्वासनळी वर करून डोके खाली लोंबकळत ठेवतात.

निष्कर्ष काढताना घ्यावयाची दक्षता

पद्धत नवी व प्रभावी असली तरी तिच्या मर्यादा जाणल्या नाहीत तर चुकीचा निष्कर्ष निघेल.

१. ओळखपट्टी कोणास खाल्ले हे सांगते; किती खाल्ले हे विश्वासाने सांगत नाही. एक बीज खाल्लेला व दहा बीजे खाल्लेला असे दोन्ही भक्षक चाचणीत सारखेच दिसू शकतात.

२. भक्ष्य जिवंत होते की मेलेले, अंडे होते की पूर्ण वाढलेले, हे पट्टीवरून कळत नाही. बीज प्रवासात मेले असेल आणि किड्याने मेलेले बीज खाल्ले असेल, तरी चाचणी किड्याकडेच बोट दाखवील.

३. मरळीने चतुराचे पिल्लू खाल्ले आणि त्या पिल्लाच्या पोटात डासाची अळी होती, तर मरळीच्या पोटात डासाची पट्टीही सापडू शकते. मरळीने अळी खाल्ली असा अर्थ त्यावरून काढू नये.

४. एखादा प्राणी आपल्याच जातीची पिल्ले खात असल्यास या पद्धतीने ते सहसा कळत नाही, कारण दोघांची पट्टी एकच असते. मोठी मरळ लहान मरळीस खाते, हे पोट फाडूनच पाहावे लागते. यास्तव जुनी पद्धत सोडून देऊ नये.

५. पचनानंतर भक्ष्याचा डी.एन.ए. थोडाच काळ टिकतो. हा काळ भक्षकाची जात व पाण्याचे उष्णतामान यांवर अवलंबून असतो. म्हणून प्रयोगशाळेत काही भक्षकांना उपाशी ठेवून नंतर एक ठरावीक भक्ष्य देतात, आणि निरनिराळ्या तासांनी तपासून ही मुदत आधी निश्चित करतात.

६. भक्षकांची तळ्यातील संख्याही मोजावी. समजा, एका तळ्यात चतुराची १०० पिल्ले असून तपासलेल्या पिल्लांपैकी शेकडा ६० मध्ये रोहूची पट्टी आढळली. त्याच तळ्यात पाठीवर पोहणारे २,००० किडे असून त्यांपैकी शेकडा २० मध्येच ती आढळली. शेकडेवारी पाहता चतुर अधिक दोषी वाटतो. परंतु रोहूचे बीज खाल्लेल्या चतुरपिल्लांची संख्या सुमारे ६० आणि तसे किडे सुमारे ४०० भरतात. पट्टी व मोजदाद या दोहोंची सांगड घातल्याशिवाय उपाय ठरवू नये.

नमुने गोळा करण्याची रीत

तपासणी प्रयोगशाळेतच होणार असली तरी तिचे यश नमुना कसा गोळा केला यावर अवलंबून असते. मत्स्यव्यवसाय विभाग, डहाणू तालुक्यातील कोसबाड येथील कृषि विज्ञान केंद्र किंवा एखादे महाविद्यालय यांच्या मार्गदर्शनाखाली असे काम निघाल्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने पुढील सूचना पाळाव्यात:

१. प्रत्येक भक्षक स्वतंत्र बाटलीत ठेवावा. एकाच बाटलीत अनेक प्राणी ठेवल्यास ते एकमेकांस खातात किंवा ओकतात व पुरावा भ्रष्ट होतो.

२. किडा पकडताच तो प्रयोगशाळेने पुरविलेल्या ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवावा. विलंब केल्यास पचन चालूच राहते. फॉर्मलिन वापरू नये, त्याने डी.एन.ए. खराब होतो.

३. अल्कोहोल प्राण्याच्या आकाराच्या कित्येक पट असावे, आणि बाटली बर्फात किंवा थंड जागी ठेवावी.

४. चिमटा प्रत्येक नमुन्यानंतर स्वच्छ करावा, अन्यथा एका नमुन्याचा अंश दुसऱ्यास लागतो.

५. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी. शाई अल्कोहोलात विरघळते. चिठ्ठीवर गाव, तळे, दिनांक, वेळ व पकडण्याची रीत लिहावी.

६. पुष्कळ भक्षक रात्री खातात. म्हणून शक्यतो पहाटे नमुने घ्यावेत.

७. भक्षकांबरोबरच तळ्यात आढळणाऱ्या सर्व संभाव्य भक्ष्यांचेही एकेक नमुने पाठवावेत. ज्याची पट्टी संग्रहात नाही, त्याचे नाव यंत्र सांगू शकत नाही.

८. साप, पक्षी व पाणमांजर यांस पकडू नये. केवळ विष्ठा गोळा करण्यापूर्वीही वन विभागाचा सल्ला घ्यावा.

नमुने पाठविल्यावर अहवाल हाती येईपर्यंत शेतकऱ्याने स्वस्थ बसू नये. जाळी बसविणे, काठ स्वच्छ ठेवणे, बीज सोडण्यापूर्वी बारीक जाळे ओढून त्यात कोणते प्राणी किती सापडतात याची वहीत नोंद करणे, ही कामे कोणत्याही यंत्राशिवाय करता येतात. अहवालाचा अर्थ लावताना हीच नोंद उपयोगी पडते.

सारांश

गोड्या पाण्यातील भक्षक व भक्ष्य यांचे संबंध डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. पोटातील किंवा विष्ठेतील डी.एन.ए. ओळखपट्टीवरून ते कळू शकतात. रस शोषणारे किडे व मऊ भक्ष्य यांच्या बाबतीत ही पद्धत विशेष उपयुक्त आहे. ती खाल्ल्याची साक्ष देते, संख्येची देत नाही. भक्षक कोणता हे कळल्यावरच योग्य उपाय निवडता येतो, आणि भक्षक न ओळखता केलेला उपाय शेतकऱ्यास दुहेरी नुकसानीत टाकतो. पाण्यात नवा प्राणी सोडण्यापूर्वी किंवा जुना नाहीसा करण्यापूर्वी तो तेथे काय खातो याचा विचार अवश्य करावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पाठीवर पोहणाऱ्या किड्याच्या पोटात सूक्ष्मदर्शकाखाली मत्स्यजिऱ्याचा अवशेष का दिसत नाही?

२. तेल-साबणाच्या मिश्रणाने पाणभुंगे मरतात, पण चतुराची पिल्ले का मरत नाहीत?

३. मरळीच्या पोटात डासाची ओळखपट्टी आढळली. यावरून कोणकोणते निष्कर्ष संभवतात?

४. आपल्या गावातील एका तळ्यात बारीक जाळे तीन वेळा ओढा. सापडलेल्या प्राण्यांची यादी करून प्रत्येकापुढे तो भक्षक, भक्ष्य किंवा दोन्ही आहे असे लिहा, आणि ज्यांच्याविषयी केवळ तर्क आहे त्यांच्यापुढे तशी खूण करा.